मेळ्यातल्या आकाशपाळण्यावर वर्ग न्यायचा असेल तर

ग्वाल्हेरला डिसेंबर संपत आला की शाळेच्या शिक्षकदालनात व्यापार मेळ्याचा विषय निघतो, आणि सहलीची यादी ज्याच्या हातात पडते तो बहुधा शाळेत नव्यानेच आलेला शिक्षक असतो. मेळा गावातच आहे, बसचा प्रवास थोडा आहे आणि मुक्काम नाही, म्हणून त्याला हे काम सोपे वाटते. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या शाळेचे वर्ग अनेक वर्षे मेळ्याला नेल्यानंतर मी एवढे सांगू शकते की किल्ल्यावरची दिवसभराची सहल सांभाळणे हे मेळ्यातल्या आकाशपाळण्यावरचा एक तास सांभाळण्यापेक्षा सोपे असते. किल्ल्यावर मुले आपण लावलेल्या क्रमाने चालतात. पाळण्यावर मात्र ती चाकाच्या क्रमाने चढतात आणि चाकाच्याच क्रमाने उतरतात. पुढे जी तयारी सांगितली आहे, ती बव्हंशी या एका फरकासाठी आहे.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली हा मेळा सुरू केला तेव्हा तो मुख्यतः गुराढोरांचा बाजार होता. आता रेसकोर्स मार्गावरच्या सुमारे १०४ एकरांच्या मैदानावर मोटारींपासून लोणच्यांपर्यंत सारे काही मिळते, पण मुलांना बसच्या खिडकीतून आधी दिसतो तो पाळणाच. आपण त्याला आकाशपाळणा किंवा रहाटपाळणा म्हणत असलो, तरी इथली मराठी मुले सरळ ‘बड़ा झूला’ म्हणतात. पालकांच्या पत्रात दोन्ही शब्द लिहावेत, म्हणजे आपले मूल नेमके कशात बसणार आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका राहणार नाही.

आधी आपण एकट्याने जाऊन यावे

सहलीच्या आठवडाभर आधी, ज्या वारी आणि ज्या वेळी मुलांना न्यायचे आहे त्याच वारी आणि त्याच वेळी, एकदा मैदानावर जाऊन यावे. गेल्या वर्षीच्या टिपणावर विसंबू नये. मेळ्यातला पाळणा कायमचा नसतो. त्याचे भाग ट्रकमधून येतात, इथे जोडले जातात आणि मेळा संपला की सुटे होऊन पुढच्या गावी जातात, त्यामुळे यंदाचे चाक गेल्या वर्षीचेच असेल असे नाही. पाळणे किती, एकेका पाळण्यात किती जण बसतात, चढण्याचे फाटक कोणत्या बाजूला आणि उतरण्याचे कोणत्या बाजूला, एक खेळ किती मिनिटांचा, लहान मुलांसाठी वयाची किंवा उंचीची अट लिहिली आहे का, आणि दुपारी चाक किती वाजता सुरू होते, या गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. यातली शेवटची विशेष महत्त्वाची आहे, कारण झुलेवाल्यांचा खरा धंदा संध्याकाळचा असतो आणि दुपारी बारा वाजता वर्ग घेऊन गेल्यास चाक उभेच दिसण्याचा संभव असतो.

त्याच फेरीत सुरक्षिततेची चौकशी करावी. तपासणीचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच वाटून घेऊ नये. झुलेवाल्याकडे मिळाले नाही तर मेळा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावे. कागदाइतकेच महत्त्व आपल्या डोळ्यांना द्यावे. पाळण्याची कडी बाहेरून लागते का आणि तिला खीळ घातली जाते का, मांडीवर येणारी आडवी दांडी घट्ट बसते का, चाकाभोवतीचा कठडा सलग आहे का, आणि चाक फिरत असताना चालवणारा माणूस यंत्रापाशीच उभा असतो का, हे दोन-तीन खेळ बाजूला उभे राहून पाहावे. एकच माणूस तिकिटेही फाडतो आणि चाकही चालवतो असे दिसले, तर त्या पाळण्यावर वर्ग नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज गेली तर वरच्या लोकांना कसे उतरवता, हाही प्रश्न विचारावा. ज्याला उत्तर ठाऊक असते तो जनित्राकडे बोट दाखवतो किंवा चाक हाताने कसे फिरवतात ते सांगतो. ज्याला ठाऊक नसते तो ‘लाइट जाती ही नहीं’ असे म्हणतो.

दिवस आणि वेळ

ग्वाल्हेरच्या जानेवारीतले धुके ज्याने पाहिले आहे त्याला सकाळच्या वेळेचा मोह होणार नाही. अकरा-बारापर्यंत किल्लाच दिसत नाही अशा कितीतरी सकाळी येतात, आणि वरून काही दिसणार नसेल तर मुलांना वर नेण्यात अर्थ नाही. संध्याकाळी दिव्यांची शोभा असते, पण गर्दीही तेव्हाच होते. शनिवार-रविवार, संक्रांत आणि २६ जानेवारी हे दिवस टाळावेत. ज्या वर्षी नव्या वाहनांवरच्या करात सूट जाहीर होते त्या वर्षी तर मोटारी घेणाऱ्यांमुळे रेसकोर्स मार्गच तुंबून जातो. माझ्या अनुभवाने संक्रांतीनंतरचा एखादा कामाचा दिवस आणि दुपारी दोन ते पाच ही वेळ सर्वांत सोयीची. जानेवारीच्या मध्यावर सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचला बस निघाली की मुले उजेडात घरी पोहोचतात.

एक पर्यायी तारीख सुरुवातीलाच ठरवून पत्रात छापावी. थंडीच्या लाटेमुळे शाळांना अचानक सुट्टी मिळते, मावठा येतो, वारा सुटला की शहाणा झुलेवाला स्वतःच चाक थांबवतो. आणि सहल रद्द झाल्याचे चाळीस घरांना एका संध्याकाळी कळवण्यापेक्षा दुसरी तारीख आधीच ठाऊक असलेली बरी.

पालकांचे पत्र

संमतीपत्रात मेळा पाहायला येणे आणि पाळण्यात बसणे या दोन गोष्टींना वेगवेगळी संमती मागावी. अनेक पालक पहिलीला आनंदाने होकार देतात आणि दुसरीला देत नाहीत; एकच रकाना ठेवला तर ते मूल सहलीलाच मुकते. फिरताना उलटी होणे, फेफरे, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा मोडलेले हाड याविषयी स्पष्ट विचारावे आणि ती माहिती वर्गासमोर वाचून दाखवू नये.

कपड्यांबद्दलची सूचना मी ठळक अक्षरांत लिहिते. स्वेटर आणि कानटोपी हवीच, कारण वर खालच्यापेक्षा वारा जास्त लागतो. परंतु मफलर आणि ओढणी बसमध्येच ठेवावी आणि लांब केसांचा घट्ट अंबाडा बांधावा, कारण फिरत्या यंत्राजवळ लोंबणारी कोणतीही वस्तू धोक्याची असते. चष्म्याला दोरी असावी आणि हातात काहीही नसावे. जेवण हलके आणि निघण्यापूर्वी तासभर आधी झालेले असावे. मेळ्यातला खजला आणि सॉफ्टी पाळण्यानंतर, आधी नव्हे. तिकिटे मात्र आगाऊ काढू नयेत, कारण चाकाखाली उभे राहिल्यावर चाळीसातली चार-पाच मुले हमखास मन बदलतात.

आदल्या दिवशीचा एक तास

पाळण्याची भीती मुलांना उंचीपेक्षा न कळलेल्या गोष्टींची अधिक वाटते, म्हणून आदल्या दिवशी वर्गात एक तास त्यासाठी द्यावा. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला उत्तर म्हणून २६४ फूट उंचीचे चाक उभारले. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत, म्हणजे एका वेळी २१६० माणसे. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्यावा. लंडनमधले ‘लंडन आय’ हे निरीक्षणचाक १३५ मीटर उंच आहे, त्याला ३२ बंद डबे आहेत आणि एका फेरीला सुमारे अर्धा तास लागतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २६ सेंटिमीटर, म्हणजे मुंगीच्या नाही तरी आजोबांच्या चालीपेक्षा कमी, आणि म्हणून ते सहसा न थांबवताच लोक त्यात चढतात-उतरतात.

मेळ्यातल्या चाकाचे तसे नाही, आणि हे मुलांना सांगणे फार आवश्यक आहे. ते एकेका पाळण्यासाठी थांबते, पुन्हा थोडे फिरते, पुन्हा थांबते. खालचा पाळणा भरला जात असताना कोणीतरी टोकावर लोंबकळत असतेच. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीने पहिल्या वर्षी विचारले होते, “बाई, वर अडकलो तर?” तेव्हा मी तिला घाबरू नकोस एवढेच म्हटले, आणि ती वर थांबल्याबरोबर रडू लागली. आता मी फळ्यावर चाक काढून दाखवते की वर थांबणे म्हणजे बिघाड नसून खाली कोणीतरी बसत किंवा उतरत आहे, आणि प्रत्येकाचा पाळणा एकदा तरी वर थांबणारच. हे आधी कळलेली मुले वर थांबल्यावर खाली हात हलवतात.

पाळणा उलटा का होत नाही, हा दुसरा ठरलेला प्रश्न. पाळणा ज्या दांड्यावर टांगलेला असतो तो बसणाऱ्यांच्या वजनाच्या मध्यापेक्षा वर असतो, त्यामुळे चाक कितीही फिरले तरी पाळणा ओळंब्यासारखा सरळ लोंबत राहतो. दोरी बांधलेला डबा हातात धरून हात गोल फिरवला की हे अर्ध्या मिनिटात पटते. मात्र त्याच कारणाने आतल्या मुलांनी हेलकावे दिले तर पाळणा झोके घेऊ लागतो, तेव्हा उभे राहणे आणि मुद्दाम हलवणे या दोन गोष्टींना पूर्ण बंदी आहे, हे याच प्रयोगाला जोडून सांगावे. नुसत्या नियमापेक्षा ते लक्षात राहते.

रांगेत

आता मुख्य गोष्ट. चाकाच्या एका बाजूचे पाळणे भरलेले आणि समोरच्या बाजूचे रिकामे असले की जड बाजू खाली ओढली जाते आणि मोटर व ब्रेक यांच्यावर ताण येतो. म्हणून जाणता झुलेवाला शेजारचे पाळणे ओळीने भरत नाही. एक भरला की चाक अर्धे फिरवून समोरचा भरतो, मग मधले घेतो. नवा शिक्षक हजेरीपटाच्या क्रमाने मुले उभी करतो आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याची रांग मोडते. मी स्वतः तेच केले होते. उतरताना पंधरावा मुलगा पाचव्याच्या आधी खाली आला, दुसऱ्या बाजूच्या फाटकाने बाहेर पडला आणि आम्ही वीस मिनिटे त्याला शोधत होतो. तो शेजारच्या दुकानात लोकांना बंदुकीने फुगे फोडताना शांतपणे पाहत उभा होता. चूक झुलेवाल्याची नव्हती, माझ्या रांगेची होती.

तेव्हापासून मी क्रमांकाने रांग लावणे सोडून दिले. पाळण्यात चार जण बसत असतील तर चौघांचा एक गट करायचा, गट आदल्या दिवशी ठरवायचे आणि त्यांना क्रमांकाऐवजी नावे द्यायची. आमचे गट मानमंदिर, गुजरी महल, तेली मंदिर, सास-बहू, जयविलास अशा ग्वाल्हेरच्याच वास्तूंच्या नावांचे असतात. कोणताही गट कोणत्याही वेळी वर जाऊ शकतो आणि कोणत्याही वेळी खाली येऊ शकतो. आपल्याला एकटे मूल मोजायचे नसून पूर्ण चौकडी मोजायची असते. चौघांपैकी एक शांत स्वभावाचे मूल गटप्रमुख असावे आणि जिवलग दोन खोडकर एकत्र येऊ देऊ नयेत. कोणी ऐनवेळी मागे हटले आणि गटात तिघेच उरले, तर तिघेच बसू द्यावेत. रिकाम्या जागी दुसऱ्या गटातले मूल घुसवले की दोन्ही गटांचा हिशेब बिघडतो, आणि झुलेवाला अनोळखी माणूस बसवू पाहील तर त्या जागेचे तिकीट आपण काढावे, पण त्याला नम्रपणे नकार द्यावा.

मोठ्यांनी कोठे उभे राहायचे हेही ठरलेले असावे. एक जण चढण्याच्या फाटकाशी, एक उतरण्याच्या फाटकाशी आणि एक न बसणाऱ्या व वाट पाहणाऱ्या मुलांजवळ. ही तीन ठिकाणे चाक थांबेपर्यंत सुटता कामा नयेत. चाळीस मुलांना निदान पाच मोठी माणसे असल्याशिवाय शिक्षकाने स्वतः पाळण्यात बसू नये, असे मला वाटते. नव्या शिक्षकांना हे विचित्र वाटते, पण वर गेलेला शिक्षक फार तर तीन मुलांच्या उपयोगी पडतो आणि खालच्या सदतीस मुलांना तो नसल्यासारखाच असतो. त्याऐवजी झुलेवाल्याशी खेळापूर्वी दोन शब्द बोलावेत. मुले पाळण्यात शिरताना “भैया, आधी कडी, मग खीळ, मग चाक” असे मी त्यांना दरवेळी सांगते, आणि ते हसून “हाँ मैडम” म्हणतात. तरीही प्रत्येक पाळण्याची खीळ मी स्वतः पाहते. एखादे मूल वरून रडताना दिसले तर हात उंच करून थांबवण्याची खूण कोणती, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे.

गटांची नावे लिहिलेला कागद दोन प्रतींत असावा. चढताना पहिल्या प्रतीवर खूण, उतरताना दुसरीवर, आणि दोन्ही जुळल्याशिवाय कोणीही कठड्यापासून हलायचे नाही. गर्दीत मुले चुकलीच तर भेटण्याची जागा ठरलेली असावी, पण ती पाळण्याखालची नको, कारण सगळ्या मेळ्याची भेटण्याची जागा तीच असते. मुलांच्या खिशात शाळेचे नाव आणि शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्व मोठ्यांना पाठ असावेत.

वर काय पाहायचे

वरचा वेळ थोडा असतो, म्हणून प्रत्येक गटाला एकच गोष्ट शोधायला द्यावी. किल्ला मैदानाच्या पश्चिमेला येतो. दुपारी दोन-तीनपर्यंत त्याच्या कड्याचे तपशील थोडेफार ओळखू येतात. नंतर सूर्य त्याच्या मागे जातो आणि किल्ला काळ्या रेषेसारखा उरतो. राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिर महालाचे गोल मनोरे उत्तरेच्या बाजूला दिसतात, दक्षिणेकडे सुमारे ३० मीटर उंचीचे तेली मंदिर. नैर्ऋत्येला स्टेशन आणि त्यापलीकडे लष्कर, जिथे दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ पडला आणि त्याचेच पुढे शहर झाले. स्वतःच्या शाळेचे छप्पर दिसेल अशी आशा मुलांना असते. ती बहुधा निष्फळ ठरते, पण शोधू द्यावे.

खाली राहणारी मुले

पाळण्यात न बसणाऱ्या मुलांना भित्रे म्हणू देऊ नये आणि शेवटच्या क्षणी समजूत घालून चढवू तर मुळीच नये. त्यांच्याकडे या सहलीचे खरे मोजमाप सोपवावे. एकाने पाळणे मोजायचे, दुसऱ्याने दोन पाळण्यांमधले अंतर एखाद्या माणसाच्या उंचीशी ताडून अंदाजाने लिहायचे, तिसऱ्याने घड्याळ लावून चाक पूर्ण वेगात असताना एका फेरीला किती सेकंद लागतात ते पाहायचे. समजा पाळणे २० आणि त्यांच्यातले अंतर ३ मीटर निघाले, तर परीघ ६० मीटर आणि ३.१४ ने भागल्यावर व्यास सुमारे १९ मीटर. एका फेरीला २० सेकंद लागत असतील तर वेग सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरांच्या आसपास, रमतगमत चालवलेल्या सायकलीइतका. कोनमापक आणि दोरा घेऊन उंची मोजण्याचा पुस्तकी प्रयोग मी दोनदा करून पाहिला, पण मेळ्याच्या गर्दीत मागे सरकायला जागाच मिळत नाही. पाळणे मोजण्याची रीत रांगेत उभ्या उभ्या जमते.

याच आकड्यांतून पोटात गोळा येण्याचे कारणही काढता येते. या वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या माथ्यावर शरीर सुमारे एक दशांश हलके भासते आणि तळाशी तेवढेच जड, म्हणजे ३० किलोच्या मुलाला वर आपण २७ किलोचे आणि खाली ३३ किलोचे झाल्यासारखे वाटते. वरून उतरलेल्यांना हे खाली राहिलेल्यांनी समजावून सांगितले की कोण भित्रे आणि कोण धीट हा वाद उरत नाही.

परतताना आणि दुसऱ्या दिवशी

बसमध्ये चढताना पुन्हा गटाच्या नावानेच हाक मारावी, हजेरीपट शाळेच्या फाटकाशी काढावा. ज्यांना मळमळते त्यांना पुढच्या आसनावर, खिडकीशी बसवावे आणि कागदी पिशव्या हाताशी ठेवाव्यात. गजक-रेवडीचे पुडे मुलांनी घरच्यांसाठी घेतलेले असतात, ते पिशवीत राहतील असे पाहावे.

दुसऱ्या दिवशी मोजमापे फळ्यावर मांडावीत. आमच्या वर्गात व्यासाची उत्तरे १६ मीटरपासून २३ मीटरपर्यंत येतात, कारण दोन पाळण्यांतले अंतर प्रत्येकाने वेगळे धरलेले असते. इथे मी मुलांना त्यांनी वरून पाहिलेल्या किल्ल्याची आठवण करून देते. त्याच्या पूर्वेकडच्या चढणीवर चतुर्भुज मंदिर आहे, आणि तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात फुलबागेचे माप १८७ हात गुणिले २७० हात असे दिले असून रोजच्या ५० माळांचाही उल्लेख आहे. २७० आणि ५० या आकड्यांतली शून्ये तिथे आजही पाहता येतात. हात कोणाचा धरायचा, हा प्रश्न मुले मग स्वतःच विचारतात आणि आपापल्या कोपरापासून बोटांपर्यंत पट्टी लावू लागतात. चाकाची खरी उंची झुलेवाल्याकडून पाहणीच्या दिवशीच विचारून ठेवलेली असावी, परंतु हे सगळे मोजून होईपर्यंत ती वहीतच ठेवावी.